वाट कोणी सोडायची?

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या अंगाने गोदावरी वाहते, माजलगावला सिंदफणेवर धरण आहे. पाण्याशी जिल्ह्याचा संबंध बहुतांशी दुष्काळाच्या निमित्तानेच येतो. मोठी जहाजे आणि मासेमारी नौका यांनी समुद्रावर एकमेकांना कसे चुकवावे, हा प्रश्न इथल्या वाचकाला परक्या मुलखातला वाटला तर नवल नाही. परंतु दसरा-दिवाळी उलटली की याच जिल्ह्यातून लाखो माणसे मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्याकडे निघतात. त्यांच्या टायरगाड्या पहाटेच्या धुक्यात आणि रात्रीच्या काळोखात फडापासून कारखान्यापर्यंत चालत असतात. मागून भरधाव येणारी मालमोटार अशा गाडीवर आदळते, बैल आणि माणसे चिरडली जातात, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : गाडीला मागे दिवा नव्हता.

किनाऱ्यावर जहाजाने मासेमारी नौकेला धडक दिली की नेमके हेच वाक्य ऐकू येते : नौकेवर दिवा नव्हता. कधी ते खरे असते, कधी नसते. पण खरेखोटेपणापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की हे वाक्य उच्चारले जाताच चौकशीचे तोंड फिरते. धडक देणारा किती वेगात होता, त्याच्या पहाऱ्यावर कोण होते, त्याने वाट का सोडली नाही, हे प्रश्न मागे पडतात आणि मेलेल्याच्या दिव्याची तपासणी सुरू होते. ऊसतोड कामगार आणि कोळी यांच्यात दुसरे काही समान नसेल. मेल्यावर आपल्या दिव्याचा हिशेब देण्याची पाळी मात्र दोघांवरही सारखीच येते.

याबाबत समुद्रावर कायदा नाही असा कोणाचा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. समुद्रावरील टक्कर टाळण्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम २० ऑक्टोबर १९७२ रोजी लंडन येथे संमत झाले आणि १५ जुलै १९७७ पासून जगभर अमलात आले. भारत त्यांना बांधलेला आहे. या नियमांपैकी अठरावा नियम मुळातून समजून घेण्याजोगा आहे. यंत्रबळावर चालणाऱ्या जहाजाने कोणाची वाट सोडावी, याचा क्रम त्यात लावून दिला आहे : ज्या जहाजावर चालकाचा ताबा उरलेला नाही त्याची, ज्याला हाती घेतलेल्या कामामुळे मोकळेपणाने वळता येत नाही त्याची, जे मासेमारीत गुंतले आहे त्याची, आणि जे केवळ शिडावर चालते आहे त्याची. म्हणजे तीनशे मीटर लांबीचे कंटेनरवाहू जहाज आणि पाण्यात जाळे सोडून बसलेली पंधरा मीटरची नौका उघड्या समुद्रात समोरासमोर आली, तर बाजूला व्हायचे ते जहाजाने. नौकेने जाळे आत घेतले आणि ती घराकडे निघाली की हा हक्क संपतो. तेव्हा ती इतर यंत्रनौकांसारखीच एक नौका. हक्क नौकेला नाही, तो श्रमाला आहे. ज्याचे हात कामात अडकले आहेत त्याच्यासाठी मोकळ्या हातांच्याने वळसा घ्यावा, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे.

हे तत्त्व पाळता यावे म्हणून दिव्यांची एक भाषाच ठरवून दिलेली आहे. ट्रॉल ओढणाऱ्या नौकेने वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावावा. अन्य प्रकारच्या जाळ्यांनी मासे धरणाऱ्या नौकेने वर तांबडा व खाली पांढरा. दिवसा टोकाला टोक जुळवलेले दोन शंकू उभारावेत. अन्य प्रकारचे जाळे नौकेपासून दीडशे मीटरांहून अधिक लांब पसरलेले असेल, तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. पाहणाऱ्यालाही कर्तव्य आहे. समोरच्या दिव्याची होकायंत्रावरील दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र कमी होत आहे, असे दिसले की टक्करीचा धोका आहे असे समजावे. मग वाट सोडणाऱ्याने वेळीच, आणि दुसऱ्याच्या नजरेत भरेल एवढे मोठे वळण घ्यावे. शंका आली तर भोंग्याचे पाच आखूड आवाज. पहाऱ्याचा नियम तर पाचव्याच क्रमांकावर आहे, आणि त्यात साधनांच्या यादीत पहिली नावे रडारची किंवा दुसऱ्या कोणत्या यंत्राची नाहीत. ती डोळ्यांची आणि कानांची आहेत.

आता या व्यवस्थेवर घेतला जाणारा व्यवहारी आक्षेप पाहू. असे सांगितले जाते, की लक्षावधी टनांचे जहाज म्हणजे काही बैलगाडी नव्हे. ताशी पंधरा सागरी मैलांच्या वेगाने जाणारे भरलेले जहाज यंत्र उलटे फिरवूनही थांबायला काही किलोमीटर घेते. तेव्हा ज्याला सहज वळता येते त्या लहान नौकेनेच दूर व्हावे हे शहाणपणाचे. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. त्यातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. ज्याला ऐनवेळी थांबता येत नाही त्याने आधी पाहिले पाहिजे, हा निष्कर्ष नियमकर्त्यांनी काढला. ज्याला थांबता येत नाही त्याला पाहण्याची गरज नाही, हा निष्कर्ष जहाजमालकांच्या सोयीने काढला जातो. जाळ्यात गुंतलेली नौका सहज वळते हेही कागदावरचेच आहे. पाण्यात पसरलेले जाळे काही मिनिटांत आत ओढता येत नाही. ते कापून टाकावे तर वर्षाची कमाई आणि सावकाराचे कर्ज दोन्ही समुद्रात जातात. शिवाय जहाजांच्या बांधणीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे, की चालककक्षातून पाहताना नाळेच्या पुढील समुद्र दोन जहाजलांबी किंवा पाचशे मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक अंतरापर्यंत झाकला जाता कामा नये. याचा अर्थ उलट बाजूनेही वाचला पाहिजे. पाचशे मीटरपर्यंतचे पाणी, म्हणजे त्यावरची नौका आणि तीवरची माणसे, कप्तानाला दिसली नाहीत तरी जहाज नियमातच बसते! अशा जहाजाने नौका जवळ येईपर्यंत थांबणे म्हणजे डोळे मिटून चालणे होय.

मग पाहायचे कोणी? इथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. जहाजे गेल्या पन्नास वर्षांत अनेक पटींनी मोठी झाली, आणि त्यांवरची माणसे कमी झाली. खंडाखंडांतून हजारो कंटेनर वाहणारे जहाज आज वीस-पंचवीस माणसांवर चालते. खलाशांच्या पहाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय संहितेने दिवसाउजेडी, काही अटींवर, एकट्या अधिकाऱ्याने पहारा करण्यास मुभा दिली आहे. रात्री दुसरा माणूस लागतो; तो कागदावर नेहमीच हजर असतो. सन २००४ च्या अखेरीपर्यंत आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या तीनशे टनांवरील सर्व जहाजांवर आपली ओळख आणि स्थान प्रसारित करणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले, आणि तेव्हापासून कक्षातील अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक पडदा आला. पडद्यावर जहाजे दिसतात. लाकडाची किंवा फायबरची, यंत्र नसलेली नौका तिथे दिसत नाही. पावसाळी लाटांत रडारवरही तिचा ठिपका फेसात हरवतो. जे पडद्यावर नाही ते समुद्रावरही नाही, अशी सवय डोळ्यांना लागते. पहाऱ्यावरच्या माणसाचा पगार वाचला तो मालकाच्या खात्यात जमा झाला. त्या बचतीची जोखीम मात्र नौकेवरच्या माणसांच्या नावे वर्ग झाली. कुठल्याही ताळेबंदात ही नोंद सापडणार नाही.

हे कल्पनेतले नाही. १ मार्च २०१२ रोजी केरळच्या आलप्पुळा किनाऱ्यापाशी ‘प्रभु दया’ या मालवाहू जहाजाने एका मासेमारी नौकेला धडक दिली. पाच मच्छीमारांचा बळी गेला आणि जहाज न थांबता पुढे निघून गेले. ११ जून २०१७ रोजी पनामाचा ध्वज लावलेल्या ‘अँबर एल’ने कोचीजवळ ‘कार्मेल माता’ ही नौका फोडली. एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरपासून चाळीसहून अधिक सागरी मैलांवर सिंगापूरच्या ध्वजाखालील एका कंटेनरवाहू जहाजाशी ‘रबाह’ या नौकेची टक्कर झाली. चौदा जणांपैकी दोघेच जिवंत हाती लागले. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या वायव्येस सुमारे सत्तर सागरी मैलांवर नौदलाची पाणबुडी आणि ‘मार्थोमा’ ही मासेमारी नौका एकमेकींवर आदळल्या. तेरांपैकी अकरा वाचले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १८ डिसेंबरला मुंबई बंदरात, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान नौका येऊन धडकली आणि पंधरा माणसे मेली. भरदिवसा, महानगराच्या दारात. तिथे तर दिव्याचा प्रश्नच नव्हता.

लहानांचे नुकसान व्हायला दरवेळी लहानांवरच धडक बसावी लागते असेही नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा-३’ ही दोन मोठी जहाजे परस्परांवर आदळली. सुमारे आठशे टन तेल समुद्रात गेले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशके होती. चूक दोन जहाजांची. पण तेलाने माखलेला किनारा आणि मासळीवरून उडालेला गिऱ्हाइकाचा विश्वास वाट्याला आला तो रायगड-मुंबईच्या कोळ्यांच्या, आणि तोही नारळी पौर्णिमेच्या तोंडावर.

अठराव्या नियमाला पळवाटाही आहेत, आणि खरे राजकारण तेथे आहे. नवव्या नियमाप्रमाणे अरुंद जलमार्गात मासेमारी करणाऱ्या नौकेने तेथून जाणाऱ्या जहाजाला अडथळा करता कामा नये. दहाव्या नियमाप्रमाणे, जहाजांसाठी आखून दिलेल्या एकेरी वाहतूकपट्ट्यातही हाच दंडक. जहाजाचा तळ खोल असल्यामुळे त्याला मार्ग बदलता येत नसेल, तर ते तीन तांबडे दिवे एकाखाली एक लावून इतरांना दूर राहण्यास सांगू शकते. बंदराच्या तोंडाशी असे नियम असणे समजण्यासारखे आहे. ते नसते तर अपघात वाढलेच असते. प्रश्न वेगळा आहे. मोकळ्या समुद्राचे रूपांतर ‘जलमार्गा’त करायचे, हे ठरवतो कोण? नकाशावर दोन रेघा ओढल्या की त्या रेघांच्या आत कालपर्यंत ज्याची वाट सोडली जात होती तोच आज वाट अडवणारा ठरतो. समुद्र तोच, नौका तीच, मासाही तोच. उलटा झाला तो हक्क. जमिनीवर एवढा हक्क काढून घ्यायचा तर भूसंपादनाची अधिसूचना, हरकती, सुनावणी, मोबदला, निदान एवढे सोपस्कार तरी करावे लागतात. समुद्रावर एक परिपत्रक पुरते. नैर्ऋत्य किनाऱ्यालगत ऑगस्ट २०२० पासून व्यापारी जहाजांसाठी वेगळे मार्ग ठरविण्यात आले, ते मच्छीमारांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. वेगळे मार्ग असावेत हे मान्य. पण ते आखताना कोणाची जाळी कुठे पडतात याची मोजदाद आधी व्हावी, ही मागणी अवाजवी आहे काय?

उत्तर कोकणच्या डोल जाळ्यांचेच उदाहरण घ्यावे. समुद्राच्या तळात खुंट रोवून (त्याला तिकडे कव म्हणतात) भरती-ओहोटीच्या प्रवाहात हे पिशवीसारखे जाळे तोंड उघडून ठेवले जाते. बोंबील असा धरला जातो. ही कव वाटेल तिथे नसते. कोणत्या गावाची कुठे, याच्या हद्दी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्यांवरून वसई, उत्तनकडचे आणि सातपाटी, डहाणूकडचे मच्छीमार आपसांत भांडतही आले आहेत. भांडण होते याचा अर्थच असा, की तो समुद्र ओसाड नाही. शेताला बांध असावा तसे त्याला बांध आहेत. फक्त ते तलाठ्याच्या दप्तरात नाहीत. दप्तरात नाही ते अस्तित्वातच नाही, ही महसुली दृष्टी समुद्रावर नेली, की कव ‘अडथळा’ ठरते.

असा अडथळा ठरवला गेल्याची किंमत किती, याचा एक हिशेब न्यायासनापुढे झालेलाही आहे. न्हावा-शेवा बंदराच्या विस्तारामुळे मासेमारीचे क्षेत्र आणि येण्याजाण्याचे मार्ग गेलेल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला. याच बंदराच्या जमिनीसाठी जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले होते. जमिनीचा हिशेब मागायला गोळ्या खाव्या लागल्या. पाण्याचा हिशेब नुसता मांडला जायलाच आणखी तीन दशके गेली.

आता वाढवणची पाळी आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर दळणवळणाची उपग्रहयंत्रे बसविण्याच्या योजनेचाही आरंभ झाला. यंत्रे उपयोगी आहेत. वादळाची सूचना मिळेल, संकटात हाक मारता येईल, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु एकाच मांडवात डहाणूच्या समुद्रात जगातली सर्वांत मोठी जहाजे आणण्याचे ठरावे आणि तिथल्या कोळ्याच्या हाती एक यंत्र द्यावे, यात सरकारचा विचार उघडा पडतो. जहाजाचा पहारा वाढवायचा नाही, नौकेला बोलके करायचे. उद्या धडक बसली की ‘दिवा नव्हता’ऐवजी ‘यंत्र बंद होते’ असे म्हणता येईल. वाक्य बदलेल, आरोपी तोच राहील.

येथे मच्छीमारांच्या बाजूचेही एक अप्रिय सत्य सांगितले पाहिजे. ‘मच्छीमार’ नावाचा एकसंध वर्ग नाही. सत्तरीच्या दशकात गोव्यात रापणकार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उभे राहिले, ते ट्रॉलर त्यांच्या तोंडचा घास आणि त्यांची जाळी दोन्ही ओरबाडत होते म्हणून. त्या लढ्यानंतर १९८० मध्ये गोव्यात आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, किनाऱ्यालगतचा पट्टा लहानांसाठी राखण्याचे तत्त्व मान्य झाले. ते आजही धड पाळले जात नाही. जहाजापुढे लहान असलेला ट्रॉलरमालक रापणकारापुढे मोठा असतो, आणि मोठा असताना जहाजासारखाच वागतो. म्हणून मागणी एखाद्या जमातीच्या सोयीची नव्हे, क्रमाची आहे : ज्याचे बळ अधिक त्याचा वळसा मोठा.

टक्कर झाल्यावरचा कायदा तर सरळसरळ मालकाच्या पदरात माप टाकतो. १९७६ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये जहाजमालकाला आपली नुकसानभरपाईची जबाबदारी जहाजाच्या टनांच्या प्रमाणात मर्यादित करून घेता येते. जबाबदारीला मर्यादा, नुकसानीला मात्र नाही. खटल्याची गोष्ट याहून नमुनेदार आहे. १९२६ मध्ये ‘लोटस’ या फ्रेंच आगबोटीने तुर्की कोळसावाहू बोट बुडवली, आठ तुर्क मेले. फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला चालविण्याचा तुर्कस्तानचा अधिकार आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२७ मध्ये मान्य केला. सागरी सत्तांना हे रुचले नाही. त्यांनी पुढच्या करारांतून नियमच फिरवून घेतला, आणि १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या सत्त्याण्णवाव्या कलमात तो कायम झाला : किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर टक्कर झाली तर कप्तानावर फौजदारी चालवायची ती त्याच्या जहाजाच्या ध्वजराष्ट्राने किंवा त्याच्या स्वतःच्या राष्ट्राने. ध्वज तर पैसे भरून घेता येतो, पनामाचा, लायबेरियाचा. बुडालेल्या नौकेच्या गावातील न्यायालयाला त्यात स्थान नाही. आणि जेव्हा कोणी पकडला जातो तेव्हा तो असतो पहाऱ्यावरचा, झोपेला मुकलेला एखादा दुय्यम अधिकारी, पुष्कळदा भारतीयच. माणसे कमी करण्याचा निर्णय ज्या कचेरीत झाला तिथपर्यंत कोणाचे हात पोचत नाहीत.

म्हणून वाढवणच्या मार्गाची रेघ नकाशावर उमटण्यापूर्वी काही गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. कोणत्या गावाची कव, कोणाची तरंगती जाळी कोणत्या महिन्यात कुठे असतात, याची नोंद मच्छीमार सहकारी संस्थांसमवेत व्हावी आणि त्या नोंदीला सातबाराचे मोल असावे. मार्गात गेलेल्या क्षेत्राची भरपाई जहाज येण्यापूर्वी मिळावी, तीस वर्षांनी नव्हे. बंदराकडे येणाऱ्या जहाजांपुढे वाट दाखविणाऱ्या राखण-नौका असाव्यात, त्यांवर स्थानिक कोळी पगारी नेमावेत, आणि तो खर्च जहाजांच्या बंदरशुल्कातून निघावा. धडकेनंतर जहाजाच्या यंत्रातील मार्गाची नोंद मृतांच्या वारसांना मागताक्षणी मिळावी. खर्च वाढेल अशी ओरड होईल. वाढेलच. आज तो खर्च नाही असे नाही. तो सातपाटीच्या घराघरांतून भरला जातो, एवढेच.

आणि ऊसपट्ट्यातल्या त्या टायरगाडीचे काय? गाळप हंगाम आला की परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम निघते, छायाचित्रे छापून येतात. चांगले आहे. पण ती गाडी कोणाची, हे कोणी विचारत नाही. बहुधा ती कारखान्याची असते, कामगाराला भाड्याने दिलेली. भाडे त्याच्या मजुरीतून वळते होते. ऊस कारखान्याचा, गाडी कारखान्याची, वेळही कारखान्याच्या गव्हाणीला सोयीची म्हणून रात्रीची. फक्त दिवा तेवढा बीडच्या माणसाने आपल्या पदरचा आणायचा! भाडेपट्टीच्या कागदावर दिव्याची, त्याच्या बॅटरीची आणि विझलेला दिवा बदलण्याची जबाबदारी कारखान्याची, असे एक कलम घालायला ना संसदेचा कायदा लागतो, ना लंडनची परिषद. साखर आयुक्तांनी गाळपाचा परवाना देताना ती अट घालावी, आणि ज्या कारखान्याची गाडी बिनदिव्याची रस्त्यावर सापडेल त्याला दंड करावा, गाडीवानाला नव्हे.